टॉवेल, टोपी आणि तलवाड्याची गाडी

जोगदंड सर तलवाड्याला गाडी बघायला गेले होते. फक्त बघायला. हे सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकलेलं बरं, कारण आता बीडमध्ये ज्याला विचाराल तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतो सर गाडी मागायला गेलते, कोणी म्हणतो हट्टाला पेटून उचलून आणली, आणि शिक्षक कॉलनीतल्या एका सद्गृहस्थांनी तर सरांनी ती चुलत भावाच्या हिश्शातून भांडून घेतली असं चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं. सरांना चुलत भाऊच नाही. पण हल्ली खात्री करून बोलायची पद्धत राहिली आहे कुठे!

राधाकिशन जोगदंड हे निवृत्त केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवायची, शेरेबुकात शेरा मारायचा आणि गुरुजींनी काहीही विचारलं की ‘अर्ज करा’ म्हणायचं, असं आयुष्य काढलेला माणूस. त्याआधी ते तलवाड्याच्या शाळेत साधे गुरुजी होते. तिथलेच त्यांचे विद्यार्थी विजयसिंह आता मोठे पुढारी झाले आहेत. चौथीत त्यांना तेराचा पाढा येत नव्हता, अजूनही येत नसावा, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

या विजयसिंहांचा फोन आला. “सर, बापूंची अँबेसिडर सतरा वर्षं झाली गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी हाय. भंगारवाला रोज मागतोय. तुमाला हौस असंल तर बघून जा. तुमच्याकडं गेली तर बापूंच्या आत्म्याला बरं वाटंल.”

आता सरांना हौस होती का? होती. कोणाला सांगितली नव्हती, पण होती. गाडी एकाहत्तर सालची. बापूसाहेब, म्हणजे विजयसिंहांचे वडील, दर पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला त्याच गाडीतून यायचे. गाडी फाटकाशी थांबली की तरुण जोगदंड गुरुजींनी पळत जाऊन दार उघडायचं, हे ठरलेलं. चौदा वर्षं त्यांनी ते दार उघडलं. आत कधी बसले नाहीत. कोणी बसा म्हटलंच नाही. एकदा बापूसाहेब उतरताना गाडीतून अत्तराचा आणि नव्या गादीचा असा काही वास आला की गुरुजींनी त्या दिवशी भाषणात स्वातंत्र्याचं साल चुकवलं. सांगायचा मुद्दा, त्या गाडीत एकदा, ड्रायव्हरच्या जागी, स्वतःच्या मालकीनं बसायचं ही गोष्ट सरांच्या मनात तीस वर्षं होती. सरांना गाडी चालवता येत नाही, हा प्रश्न नंतरचा.

तर सर बघायला गेले. गाडी बघितली. चारी टायर बसलेले, पत्रा जागोजागी कुजलेला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार असं जाम की दोघांनी ओढून हललं नाही. सर शहाणे. ते म्हणाले, “मला आठ दिवस द्या. ही गाडी पहिल्यासारखी करायची म्हणजे सगळी उघडावी लागेल. मी विचार करून...”

वाक्य तिथंच राहिलं, कारण विजयसिंहांनी टोपीची घडी उघडली.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. आपल्याकडे पाहुणा जरा ओळखीचा असला की त्याला टॉवेल, टोपी आणि नारळ दिल्याशिवाय कोणी सोडत नाही. सरांचे निवृत्तीच्या वर्षी असे एकेचाळीस सत्कार झाले. त्याचा परिणाम असा झाला की समोर कोणी टोपी धरली की सरांची मान आपोआप खाली जाते. मान सरांना विचारत नाही. एकदा कापडाच्या दुकानात सेल्समनने दुसऱ्याच गिऱ्हाइकापुढे टॉवेल झटकला, तर शेजारी उभ्या असलेल्या सरांची मान खाली गेली होती. विजयमालाबाईंनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींनी, तेव्हा त्यांना चिमटा काढून वर आणलं.

तलवाड्यात चिमटा काढायला कोणी नव्हतं. मान गेली, टोपी बसली, खांद्यावर टॉवेल आला आणि सरांचा नारळ धरलेला हात कोणीतरी बॉनेटवर टेकवला. टाळ्या झाल्या. मोबाईलवर फोटो निघाला. सर समाधानाने घरी आले, जेवले आणि ‘आठ दिवस विचार’ असं डायरीत लिहून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर अंघोळीला बसलेले असताना दारात ट्रॅक्टर आला. मागे दोरखंडानं बांधलेली गाडी. ट्रॅक्टरवाला गल्लीत कुणाला तरी “सरक बे, सरक!” म्हणून ओरडत होता. सर टॉवेलवर बाहेर आले (घरचा टॉवेल, सत्काराचा नव्हे) आणि म्हणाले, “अहो, हे काय? माझं अजून ठरलेलं नाही!”

“टोपी घातली, नारळ बॉनेटला लावून घेतला. आता आनिक काय ठरायचं राह्यलं?” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “बापूंच्या घरी बैल द्यायचा असला तरी असंच देतेत. फोटो हाय माझ्याकडं.”

बैल! दहा-बारा शाळांचा कारभार पाहिलेल्या माणसाला बैलाच्या गिऱ्हाइकात बसवलं! सर संतापले, पण टॉवेलवरच्या माणसाचा संताप कोणी मनावर घेत नाही. गाडी सोडून ट्रॅक्टर गेला. अर्धी गाडी सरांच्या फाटकापुढे, अर्धी शेजारच्या रामप्रसादांच्या. रामप्रसाद हे निवृत्त तलाठी. त्यांनी चष्मा लावून गाडीकडे पाहिलं आणि पहिला सल्ला दिला. “हद्द मोजून घ्या.”

सरांनी मागच्या काचेतून आत पाहिलं तर आतून कोणीतरी त्यांच्याकडे पाहत होतं. कोंबडी. मागच्या फाटक्या गादीतल्या कापसात अंग फुगवून बसलेली. सरांनी काचेवर टकटक केलं, तर ती अशी गुरगुरली की सर दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात फोन वाजला. विजयसिंहांच्या मातोश्री गीताबाई.

“गुर्जी, आमची खुडूक कोंबडी गाडीत आली का वो? अंड्यावर बसल्याली हाय. चार दिस झालेत. तिला उठवू नगा, न्हाईतर समदी अंडी नासतील. पिल्लं निघाली की विजू येऊन घिऊन जाईल.”

“अहो आई, पण पिल्लं कधी निघणार?”

“सतरा दिस.”

म्हणजे विचाराला सरांनी आठ दिवस मागितले होते, ते कोणी दिले नाहीत. कोंबडीला मात्र न मागता सतरा दिवस मिळाले. सरांनी विजयमालाबाईंकडे दाद मागितली. त्या ज्वारीचे दाणे मुठीत घेऊन गाडीकडे निघाल्या होत्या. “मी काय सांगणार? तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्नापासून म्हणत आल्या आहेत आणि त्यानंतर सरांना आजवर काहीही ठरवता आलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ख्वाजाभाईंना बोलावलं. जुन्या गाड्यांचा बीडमध्ये असा दुसरा मिस्त्री नाही. दार जाम असल्यामुळे त्यांनी खिडकीतून अर्धं अंग आत घातलं, कोंबडीला “सलाम आपा, कुछ नहीं, बैठो” म्हणाले, मग खाली वाकून, आडवं होऊन, ठोकून, वास घेऊन गाडी तपासली. तासाभराने हात पुसत म्हणाले, “मेलेली न्हाई सर. रुसलेली हाय.”

“म्हणजे होईल?”

“दोन रस्ते हायत. एक, वरून रंग मारायचा, पॉलिश करायचं, दारात उभी करायची. लोक फोटो काढतील. दुसरा, पूरी खोलायची. नट अन् नट. इंजिन खाली, पत्रा वेगळा, वायर नवी. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. एकदा खोलली की मग मागं फिरता येत न्हाई. बीच का रास्ता न्हाई.”

“मग खोला म्हणजे... बघू.”

ख्वाजाभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “असं न्हाई सर. माझ्या आवारात तीन गाड्या खोलून पडल्यात. तिन्ही मालक ‘बघू’ म्हणाले होते. आता फोन उचलत न्हाईत. तुमी तुमच्या तोंडानं ‘खोला’ म्हणा, मी खोलतो. दुसऱ्या कोणी म्हणलेलं चालत न्हाई. भाबींनी म्हणलेलं पण न्हाई.” आणि चहा घेऊन गेले.

एका शब्दाचा प्रश्न. पण तो शब्द निघेना. कसा निघणार? सकाळी फाटक उघडलं की सल्ला उभा. रामप्रसाद म्हणायचे विकून टाका. त्यांची सून म्हणायची तिच्यात कुंड्या ठेवा, लई भारी दिसतील. मांजरसुंब्याच्या एका धाबेवाल्याने खास माणूस पाठवून निरोप दिला की गाडी द्या, इंजिन काढून आत टेबल टाकतो आणि बाहेर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी लावतो. सर त्या माणसाला म्हणाले, “ज्या गाडीतून बापूसाहेब झेंडावंदनाला यायचे, तिच्यात तुम्ही शेवभाजी वाढणार?” तो शांतपणे म्हणाला, “व्हेज-नॉनव्हेज दोन्ही.”

आणि जो येईल तो शेवटी एकच विचारायचा. “सर, तुम्हाला चालवता येती का?” जणू काही ज्यांना येते त्या सगळ्यांनी गाड्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत!

कागदांचं काय लागेल एवढं तरी विचारावं म्हणून सर एका सकाळी आरटीओत गेले. कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसलेल्या एजंटाने सगळं ऐकून घेतलं.

“गाडी करायची ठरलंय का सर?”

“तेच तर ठरवायचं आहे. म्हणून विचारतोय.”

“ठरल्याबिगर कागद सांगता येत न्हाईत.”

“आणि कागद कळल्याशिवाय ठरवू कसं?”

“ते खरं हाय,” एजंट म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. “बरं, गाडी दाखवायला आणावी लागंल.”

“कागदाशिवाय रस्त्यावर आणता येते का?”

“न्हाई.”

“मग?”

एजंटाने कोरा कागद सरांपुढे सरकवला. “अर्ज करा.”

सर त्या कागदाकडे बघत राहिले. केंद्रप्रमुख असताना आपण किती गुरुजींना हे दोन शब्द ऐकवले असतील याचा त्यांना पहिल्यांदाच अंदाज आला. पण पश्चात्ताप करायला लागणारी शांतता तिथे नव्हती, म्हणून ते चिडूनच घरी आले.

येताना चौकात त्यांनी मान वर केली. विजेच्या खांबाला दहा बाय आठचा फ्लेक्स. त्यावर टोपी घातलेले जोगदंड सर स्वतः. खाली लाल अक्षरात: ‘बीडची शान! आदरणीय जोगदंड सर यांनी ऐतिहासिक गाडीच्या पुनर्जन्माचा विडा उचलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: अभिमन्यू डिजिटल आणि समस्त मित्रपरिवार.’ कोपऱ्यात गाडी, आणि गाडीच्या खिडकीत कोंबडी.

अभिमन्यू हा समोरच्या घरातला. त्याचा फ्लेक्सचा धंदा आहे, आणि मशीन रिकामं बसलं की तो शेजाऱ्यांचं अभिनंदन करतो. सरांनी त्याला फाटकातच गाठलं. “मी विडा उचललेला नाही! माझं अजून ठरलेलं नाही!”

“सर, तुम्ही लाजता. म्हणून तर आमाला पुढं व्हावं लागतं,” अभिमन्यू म्हणाला. “पैसे नकोत. प्रेमाचं हाय.”

अशा माणसाला काय करायचं सांगा! शिवी दिली तर पुढच्या फ्लेक्सवर ‘स्पष्टवक्ते’ छापेल.

त्या दिवसानंतर सरांना रस्त्याने चालणं मुश्कील झालं. भाजीवाली विचारी, “गाडी कवा?” न्हावी विचारी, “गाडी कवा?” ज्यांचे फोन निवृत्तीनंतर बंद झाले होते ते फोन करून विचारू लागले. कोणी एकाने तरी विचारावं की सर, तुम्हाला करायची आहे का? नाही! सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. टोपीने ठरवलं, ट्रॅक्टरवाल्याने ठरवलं, फ्लेक्सने ठरवलं. ज्याच्या डोक्यावर टोपी त्याला विचारायचं कारणच काय?

सोळाव्या दिवशी सरांनी शेरेबुकासारखी एक वही घेतली, तिच्यात रेघ मारली आणि खाली सही करून लिहिलं: ‘गाडी परत करावी. नाही म्हणजे नाही.’ त्यांना हलकं वाटलं. चुकीचा का असेना, पण हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. उद्या विजयसिंहांना फोन करायचा आणि मानाने नाही म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली. सात. विजयमालाबाई एकेकाला ओंजळीत घेऊन गल्लीला दाखवत होत्या. ख्वाजाभाई सहज जाता जाता थांबले होते, रामप्रसाद हद्दीवर उभे होते, आणि तेवढ्यात दोन पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या. विजयसिंह उतरले. चेहरा उतरलेला. हातात कापडी पिशवी.

“सर, एक विचारू का? चौकातला तो फ्लेक्स. तुमचा फोटो हाय, गाडीचा हाय, कोंबडीचा हाय. आमी कुठं हाव?”

समोरून आलेल्या अभिमन्यूने ट्रॅक्टरवाल्याकडून घेतलेला मूळ फोटो मोबाईलवर उघडून पाहिला. तलवाड्याच्या त्या फोटोत विजयसिंह टोपी घालत होते, पण फ्लेक्सवर मावावं म्हणून अभिमन्यूने फोटो कापला होता. सरांच्या टोपीवर एक हात तेवढा राहिला होता, मनगटापर्यंत.

“ह्यो हात तुमचाच की,” अभिमन्यू म्हणाला.

“त्या हाताला कोण वळखंल बे?” विजयसिंह कडाडले. “बापाची गाडी माझी, टोपी माझी, कोंबडी माझी, अन् जिल्ह्यात माझं मनगट लावून ठिवलंय! लोक हसतेत!” मग सरांकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. “जाऊ द्या. आमी घरात बसून ठरवलं. गाडी म्हंजी बापूंची निशाणी. आमीच करून घिऊ. तुमाला या वयात कावून तरास? ट्रॅक्टर मागून येतोय. त्या निमित्तानं तुमचा सत्कार करू, म्हंजी गोड होईल.”

पिशवीतून टॉवेल निघाला. नारळ निघाला. टोपी निघाली आणि विजयसिंहांनी तिची घडी उघडली.

खरं तर यासारखी सोय नव्हती. सरांनी कालच ‘परत करावी’ असं सहीनिशी लिहिलं होतं. मान खाली घातली की झालं, गाडी जाईल, फाटक मोकळं होईल, भाजीवाली विचारायची थांबेल. सरांची मान सवयीप्रमाणे निघालीही होती.

“अन् गाडी चालू झाली ना सर,” विजयसिंह मनापासून म्हणाले, “की पंधरा ऑगस्टला तुमालाच बोलावणार. मी उतरताना दार तुमी उघडायचं. पहिल्यासारखं. तो मान तुमचाच.”

मान अर्ध्यात थांबली.

गल्लीत कोणाच्या लक्षात आलं नाही, पण विजयमालाबाईंच्या आलं. त्यांनी हातातलं पिल्लू खाली ठेवलं. एकेचाळीस सत्कारांत आणि त्याआधी चौदा वर्षांच्या पंधरा ऑगस्टांत जे झालं नव्हतं ते होत होतं. सरांची मान हळूहळू, कुरकुरत, वर येत होती. ती पूर्ण ताठ झाली तेव्हा सर विजयसिंहांपेक्षा दोन बोटं उंच आहेत हे सगळ्यांना दिसलं. सरांनी विजयसिंहांच्या हातातली टोपी घेतली आणि विजयसिंहांच्याच डोक्यावर नीट बसवली.

“विजयसिंह, खाली बस.”

तीन गावांचा पुढारी ओट्यावर बसला. का बसला ते त्यालाही कळलं नसावं.

“चौदा वर्षं मी ते दार उघडलं. माझा जीव जळायचा, तरी उघडलं. तुझ्या वडिलांनी एकदाही मला बस म्हटलं नाही. आणि आज तू मला तेच दार मान म्हणून देतोस?” सरांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो चढू दिला. “कोंबडी तुझी. पिल्लं तुझी, सात आहेत, मोजून घे आणि आईला सांग. गाडी तू मला नारळ लावून दिली आहेस. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. ट्रॅक्टर पाठवताना विचारलं नाही, फ्लेक्स लावताना विचारलं नाही. आज नेतानाही विचारायला कोणी तयार नाही! आता मी सांगतो. ख्वाजाभाई!”

“जी सर.”

“खोला.”

“पूरी?”

“नट अन् नट.”

“सर, चालवता येती का तुमाला?” रामप्रसादांनी हद्दीवरून विचारलं.

“शिकेन!” सर इतक्या जोरात ओरडले की कोंबडीने सातही पिल्लं पंखाखाली घेतली.

ख्वाजाभाईंनी बाह्या मागे सारल्या. “मग एक लागंल सर. कापड. ऑइल पुसायला लई कापड लागतं, वर्षभर.”

विजयमालाबाई आत गेल्या आणि पत्र्याची मोठी पेटी फरफटत ओट्यावर घेऊन आल्या. झाकण उघडलं. टॉवेल, शाली, टोप्या, एकेचाळीस सत्कारांच्या, घडी न मोडलेल्या. वर तलवाड्याची बेचाळिसावी. “घ्या भाऊ,” त्या ख्वाजाभाईंना म्हणाल्या. “आणि अहो, चालू झाली की आधी नारायणगडाला दर्शनाला नेऊन आणा मला. एवढंच माझं म्हणणं आहे.”

सरांनी पेटीकडे बघितलं. सगळ्यात वरचा टॉवेल उचलला, त्याने ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची मूठ पुसली, दोन्ही हातांनी धरली आणि सगळा राग एकवटून ओढली. कडाड् आवाज झाला आणि दार बिजागऱ्यांसकट सरांच्या हातात आलं.

सरांनी दार नीट भिंतीला टेकवून ठेवलं, धोतराचा सोगा सावरला आणि आत जाऊन बसले.